हळव्या घोड्याचा साज: पाठीच्या मापापासून पहिल्या रपेटीपर्यंत

तंगाला, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याला, हात लावला की मान वळवून चावायला येतो. खोगीर टेकताच पाठ खाली दबवतो, कान मागे टाकतो. लगाम दिसला की तोंड आभाळाकडे. असा घोडा आपल्याकडे ‘खोडीचा’ ठरतो आणि मग त्याच्या वाट्याला आणखी कडक लगाम आणि आणखी घट्ट तंग येतो. खरं तर बहुतेक वेळा त्याला काहीतरी टोचत असतं, दाबत असतं किंवा घासत असतं. कातडी पातळ, अंग हळवं, म्हणून तो लवकर सांगतो एवढंच. दुसरा घोडा तेच दुखणं वर्षभर मुकाट्यानं सोसतो.

साताऱ्या-सांगलीकडे पहिल्यांदा घोडा पाळणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. तुमच्या दावणीला अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी, काठियावाडी असेल, धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर फिरलेलं भीमथडी तट्टू असेल, नाहीतर रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड. तिघांच्या पाठी तीन तऱ्हेच्या असतात. थरोब्रेडची वशिंडाची जागा, म्हणजे मानेच्या बुडाशी खांद्यांमधला उंचवटा, उंच आणि धारदार. भीमथडीची पाठ आखूड, अंग गोल आणि हा उंचवटा बेताचा. ‘हे खोगीर कुठल्याही घोड्याला चालतं’ असं कोणी म्हणालं तर ते घेऊ नका.

लागणारं सामान आणि कागद

- शिंप्याची टेप, खडू, पेन्सिल, कात्री, जाड पुठ्ठा
- ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारी वाकणारी पट्टी (फ्लेक्सिबल कर्व्ह), ६० सेंटिमीटरची. ती नसेल तर प्लास्टिकचं वेष्टण असलेली जाड वायर. वाकवली की तशीच राहील इतकी कडक
- धुतलेलं पांढरं सुती कापड, खोगिरापेक्षा चारही बाजूंनी थोडं मोठं
- सुती दोरी आणि थोडा कापूस
- घोड्याच्या खरेदीची पावती, पशुवैद्यकानं तपासल्याची नोंद, दात शेवटचे कधी घासले (दाढांची धारदार टोकं कानशीनं सपाट केली) ती तारीख
- खोगीर विकणाऱ्याकडून लेखी: बसलं नाही तर किती दिवसांत परत घेणार. तोंडी कबुलीवर पैसे देऊ नका

१. आधी दुखणं वगळा

साज बदलण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडे फारसे येत नसतील तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय साताऱ्याहून जवळ आहे. चार गोष्टी मुद्दाम तपासायला सांगा: पाठ, दात, खूर आणि पोट. पोट का, असं वाटेल. पण जठरात व्रण असलेला घोडा तंग आवळताना पुष्कळदा चिडतो, आणि मग लोक महिनाभर तंग बदलत बसतात.

पाठ तुम्हालाही बघता येते. कण्याच्या दोन्ही बाजूंना, कण्यापासून चार बोटं खाली, वशिंडापासून कमरेपर्यंत हात फिरवा. बोटांची टोकं नकोत, पेरांचा सपाट भाग वापरा. नखं रुतली तर कुठलाही घोडा पाठ चोरेल आणि तुम्ही त्याला उगीच आजारी ठरवाल. पहिला फेरा नुसत्या स्पर्शाचा, दुसरा कणीक दाबावी तसा. एकाच जागी स्नायू थरथरला, तिथून पाठ खाली गेली किंवा शेपटी झटकली, की त्या जागेवर खडूनं खूण करा. दोन्ही बाजू ताडून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच खूण पुन्हा आली तर ते दुखणं आहे.

कातडीही नीट बघा. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे बहुधा पूर्वी खोगिरानं जखम केली होती. तंगाच्या जागी गोचीड, गजकर्ण किंवा पावसाळ्यातल्या ओलीनं धरलेल्या खपल्या असतील तर आधी त्या बऱ्या होऊ द्या. गजकर्ण साजावाटे पसरतं. एका घोड्याचा गाशा (खोगिराखालचं कापड) आणि तंग दुसऱ्याला लावू नका.

२. वजनाचा हिशोब

हे फार जण टाळतात. कोपराच्या मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १५० आणि लांबी १३५ असलेलं तट्टू साधारण २५६ किलोचं. स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावेत असा ढोबळ नियम आहे. म्हणजे या तट्टावर ५१ किलो. खोगीर ८ किलोचं धरलं तर स्वाराला उरतात ४३. इथे उत्तम बसलेलं खोगीरही ७५ किलोच्या माणसाला तारणार नाही. हे तट्टू पोरांसाठी ठेवा.

३. पाठीचं माप

घोडा सपाट फरशीवर चारही पायांवर सारखा उभा करा. मान नेहमीच्या उंचीवर हवी. चारा खायला वाकलेल्या घोड्याचं माप चुकतं.

आता खांद्याचं पातं शोधायचं. एकानं घोड्याचा पुढचा पाय उचलून हळूच पुढे ओढायचा, तुम्ही तळवा खांद्याच्या मागच्या कडेवर ठेवायचा. पातं हाताखाली मागे सरकताना स्पष्ट कळतं. ते जिथवर मागे येतं तिथे खडूची रेघ मारा. चालताना प्रत्येक पावलाला पातं इथवर येणार, म्हणून खोगिराचा कडक भाग या रेघेच्या दोन बोटं मागे सुरू झाला पाहिजे.

दुसरी रेघ शेवटच्या बरगडीची. पोटाच्या बाजूनं बरगडी चाचपा आणि तिच्या वळणानं वर कण्यापर्यंत या. या रेघेच्या मागे भार नको. तिथे कण्याला खालून बरगड्यांचा आधार नाही. दोन रेघांमध्ये जी जागा उरते तेवढीच खोगिराची. भीमथडीत ती पुष्कळदा इतकी कमी भरते की १७ इंची बैठकीचं खोगीर बसतच नाही.

मग वाकणारी पट्टी पाठीवर आडवी दाबून तीन आकार घ्या: पहिल्या रेघेच्या दोन बोटं मागे, त्याच्या १० सेंटिमीटर मागे, आणि शेवटच्या बरगडीशी. चौथा आकार लांबीचा, वशिंडापासून दुसऱ्या रेघेपर्यंत. पट्टीचा वाकलेला आकार न मोडता ती पुठ्ठ्यावर ठेवा, आतल्या कडेनं पेन्सिल फिरवा, कापा. प्रत्येक पुठ्ठ्यावर तारीख, जागा आणि डावी-उजवी लिहा. दोन खांदे सारखे नसणं नेहमीचं आहे. खोगीर मोठ्या खांद्याच्या मापानं घ्यायचं आणि लहान बाजूला गादीनं भर द्यायची.

उंचीचं बोलणं निघालं तर एक लक्षात ठेवा: घोडेवाल्यांचा ‘हँड’ ४ इंचांचा असतो. आपला कोपरापासूनचा हात तो नव्हे.

४. खोगीर बघणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खोगिराच्या आत लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा असतो, त्याला ‘ट्री’ म्हणतात. खाली दोन गाद्या, त्यांच्यामध्ये कण्यासाठी मोकळी खाच, आणि पुढे वशिंडावरून जाणारी कमान. गाद्या भरता येतात, उसवता येतात. सांगाडा चुकीचा असेल तर काहीही करून उपयोग नाही. म्हणून आधी सांगाडा.

दुकानातच पहिला पुठ्ठा कमानीखाली धरा. कमानीच्या दोन्ही पायांची तिरपाई पुठ्ठ्याच्या तिरपाईला समांतर हवी. पाय आत वळलेले असले तर सांगाडा अरुंद, बाहेर फाकले तर रुंद.

घोड्यावर पहिल्यांदा ठेवताना गाशा नको, तंगही नको. खोगीर वशिंडावर थोडं पुढे ठेवा आणि मागे सरकवत या. एका जागी ते आपोआप टेकतं. तीच त्याची जागा. नवखे लोक खोगीर हमखास पुढे, खांद्यावर चढवतात. घोडा आखूड पावलं टाकतो आणि सगळे म्हणतात, आळशी आहे. आता बघा:

कमानीखाली दोन ते तीन बोटं उभी राहिली पाहिजेत, आणि स्वार बसल्यावर निदान दोन. बाजूंनाही मोकळीक हवी, नुसती वरून नको.

मधली खाच पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटं रुंद हवी. स्वस्त खोगिरात ती पुढे छान असते आणि मागे निमुळती होत जाते. मागून वाकून, खाचेतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा.

तळवा गादीखाली पुढून मागे सरकवा. दाब सारखा लागला पाहिजे. पुढे हात चेपला, मध्ये सुटला, मागे पुन्हा चेपला तर खोगिराचा पूल झाला आहे. सगळा भार चार जागी. उलट, पुढे दाबल्यावर मागची बाजू उचलली गेली तर गादी घोड्याच्या पाठीपेक्षा जास्त वाकडी आहे आणि रपेटीत खोगीर पाळण्यासारखं डुलणार.

बैठकीवर गोल पेन्सिल आडवी ठेवा. ती मध्यावर येऊन थांबावी. मागे घरंगळली तर पुढचा भाग उचललेला, म्हणजे बहुधा सांगाडा अरुंद. पुढे आली तर सांगाडा रुंद आणि कमान वशिंडावर बसणार.

अरुंद सांगाड्याचं दुष्टचक्र समजून घ्या, कारण हळवे घोडे इथेच बिघडतात. कमानीचे पाय वशिंडाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू चिमटतात. स्नायू झिजतात, तिथे खळगे पडतात. खळगा दिसला की माणूस जाड गाशा घालतो. गाशानं जागा आणखी कमी होते, चिमटा वाढतो. तंग बूट चावतो म्हणून दोन मोजे घालण्यासारखंच हे.

जुनं खोगीर घेत असाल तर कमान आपल्या पोटाशी टेकवा आणि मागचा उंचवटा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. मध्ये लवलं, कुरकुरलं किंवा बैठकीच्या कातड्यावर सुरकुती उमटली तर सांगाडा मोडलेला असू शकतो, सोडून द्या. मग उलटं करून गाद्या समोरासमोर बघा: एक फुगलेली आणि एक बसलेली चालणार नाही. तंग अडकवण्याच्या पट्ट्यांची शिवण नखानं ओढून बघा. वरातीच्या घोडीचं जरीकामाचं खोगीर स्वस्तात मिळतं म्हणून रपेटीला घेऊ नका; ते मिरवण्यासाठी बांधलेलं असतं.

भरतीबद्दल वेगळं सांगायला हवं. बोलण्यात आपण खोगीरभरती म्हणतो ती कशीही कोंबलेली, निरुपयोगी. खऱ्या खोगिरात मात्र घोड्याचं सुख त्या भरतीवरच आहे. लोकर सगळ्यात चांगली: दबते, पुन्हा फुगते, काढून घालता येते. कापूस घामानं गोळे धरतो आणि प्रत्येक गोळा पाठीत खड्यासारखा रुततो. फोम एकदा बसला की बसला. नवी लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, तेव्हा एकदा भर घालून घ्यावीच लागते. गावातल्या चर्मकाराकडून हे काम करून घेता येतं, पण पुठ्ठे बरोबर न्या आणि गादी किती फुगवायची ते त्यावर दाखवा. कानपूरहून खोगीर मागवत असाल तरी ऑर्डरबरोबर हेच आकार पाठवा. नुसतं ‘मध्यम’ लिहून भागणार नाही.

५. गाशा

गाशाचं काम घाम टिपण्याचं. न बसणारं खोगीर तो बसवू शकत नाही. सुती किंवा लोकरीचा, एकजीव, मध्ये जाड शिवण नसलेला घ्या. आपल्याकडची घोंगडी घाम छान शोषते, पण तिचे राठ केस पातळ कातडीच्या घोड्याला टोचतात. खाली धुतलेलं मऊ सुती कापड घाला. घातल्यावर गाशा कमानीच्या खाचेत वर ओढून घ्या, नाहीतर तो वशिंडावर ताणून बसतो. कपड्याच्या पावडरीचा अंश राहिला तरी हळव्या कातडीला खाज सुटते, म्हणून साध्या साबणानं धुऊन दोनदा खळबळा. आणि जखमेच्या जागी गाशाला भोक पाडायची युक्ती कोणी सांगितली तर करू नका. भोकाच्या कडेवर दाब वाढतो आणि जखम मोठी होते.

६. तंग

जागा कोपराच्या मागे एक तळवा. लांबी अशी की दोन्ही बाजूंना सारखी भोकं लागतील आणि बकल कोपराला लागणार नाही. मऊ कातडं किंवा विणलेली सुती दोरी, दोन्ही चांगली. रबरासारख्या तंगाखाली सांगलीच्या उन्हाळ्यात घाम कोंडतो आणि कातडी सोलते.

आवळायचा तीन टप्प्यांत. पहिल्यांदा तंग नुसता अंगाला लागेल इतका. हात तिथेच ठेवा, घोड्याचा एक श्वास आत-बाहेर होऊ द्या. वीस पावलं चालवा. मग दोन्ही बाजूंनी एकेक भोक. मग पुढचे पाय एकामागून एक उचलून गुडघ्याखाली धरून हलकेच पुढे ओढा; कोपरामागची चिमटलेली कातडी तंगाखालून सुटते आणि पुष्कळदा घोड्याचा चेहराच निवळतो, ओठ सैल पडतात. बसण्याआधी आणखी एक भोक. सपाट दोन बोटं आत जायला हवीत. पाच-दहा मिनिटांच्या चालीनंतर पुन्हा तपासा.

‘पोट फुगवतो, गुडघा मार’ हा सल्ला ऐकू नका. घोडा तंग आवळण्याच्या भीतीनं अंग ताठ करतो, आणि गुडघा मारला की ती भीती पक्की होते. गोल अंगाच्या तट्टावर खोगीर बाजूला फिरतं म्हणूनही तंग आवळत सुटू नका. ते बहुधा फिरतं कारण सांगाडा त्या पाठीला फार अरुंद किंवा फार रुंद आहे.

७. लगाम आणि डोक्याचा साज

दात घासून घेतल्याशिवाय लगामाचा, म्हणजे तोंडातल्या लोखंडाचा, निर्णय नको. वरच्या दाढांच्या पुढे कधीकधी एक छोटा निरुपयोगी दात असतो. लगामाचं लोखंड त्यावर आपटलं की घोडा तोंड वर फेकतो.

माप: सुती दोरी तोंडातून आडवी धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा. त्यात दोन्ही बाजूंना मिळून साधारण अर्धा सेंटिमीटर मिळवा. खुणा १२ सेंटिमीटरवर आल्या तर साडेबाराचा, म्हणजे बाजारातला ५ इंची. जाडी १४ ते १६ मिलिमीटर. जाड तेवढा मऊ, असं सरसकट नाही. लहान तोंडात जिभेनंच जागा भरलेली असते, जाड लोखंड तिथे मावत नाही. मधोमध एकच सांधा असलेला लगाम ओढल्यावर अडकित्त्यासारखा मिटतो. हळव्या तोंडाला दोन सांध्यांचा, मध्ये गुळगुळीत बदाम असलेला बहुधा जास्त मानवतो.

विकत घेण्याआधी कापसाचा बोळा सगळ्या लोखंडावरून फिरवा. धागा अडकला तिथे जीभही कापणार. काटेरी लगाम बाजारात अजून दिसतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्याच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार काटे किंवा टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला बंदी आहे. फुकट मिळाला तरी घरी आणू नका.

डोक्यावरचा पट्टा कानांच्या बुडाला लागू नये. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे असतात, त्यामुळे तिथे जागा आधीच कमी. कपाळपट्टी आखूड पडली की ती मागचा पट्टा कानांवर ओढते. डोकं झटकणारे कित्येक घोडे लांब कपाळपट्टीनं शांत होतात. कानाला हात लावू न देणाऱ्या घोड्याला पट्टा कानांवरून ओढू नका. एका बाजूचं बकल सोडून पट्टा मागून ठेवा आणि मग लावा. गळपट्टीत आडवी मूठ मावावी. नाकपट्टीत दोन बोटं, आणि तीही नाकाच्या हाडावर मोजलेली. गालाच्या बाजूनं बोटं घातली तर मऊ भागात ती कशीही जातात आणि पट्टी घट्ट असल्याचं कळत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीत डिसेंबरच्या पहाटे लोखंड बर्फासारखं असतं. तोंडात देण्याआधी ते तळहातात किंवा कोमट पाण्यात गरम करा.

८. पहिली रपेट आणि घामाची खूण

बसताना ओटा, दगड, काहीतरी उंच घ्या. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढलं की सगळं खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि वशिंडाला पीळ बसतो. रिकीब बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद असावी. पहिल्या दिवशी सपाटीवर वीस मिनिटं नुसती चाल. दुसऱ्या माणसानं मागून बघायचं: खोगीर कण्याच्या मध्यावर आहे की एका बाजूला कलतंय.

दोन-तीन दिवसांनी खोगिराखाली ते पांढरं कापड घालून घाम येईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, काम द्या. उतरल्यावर तंग सैल करून खोगीर काही मिनिटं तसंच राहू द्या, मग सरळ वर उचला. कापडावर गाद्यांचे दोन सारखे मळकट पट्टे आणि मध्ये स्वच्छ पट्टी दिसली तर छान. एका जागी गडद डाग म्हणजे तिथे जास्त भार. घोड्याच्या पाठीवर भोवती ओलं आणि मध्येच रुपयाएवढं कोरडं दिसलं तर दोनच अर्थ: तिथे गादी टेकतच नाही, किंवा इतकी दाबते की घामच फुटला नाही. तळवा घालून केलेली चाचणी पुन्हा करा, कुठला अर्थ ते कळेल. केस विस्कटून उलटे वळले असतील तर खोगीर घासत सरकतं आहे.

तासाभरानं आणि दुसऱ्या सकाळी पाठीवरून हात फिरवा. गाठ, ऊब किंवा सूज लागली तर ती पूर्ण जाईपर्यंत खोगीर नाही. हातात धरून चालवा.

९. घाट, पाऊस आणि पुढची मापं

यवतेश्वरच्या घाटासारख्या चढाला खोगीर मागे सरकतं, उताराला खांद्यावर येतं. चढासाठी पेशबंद (छातीवरून जाणारा पट्टा), उतारासाठी दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा). पण आधी सपाटीवर दोन्हीची सवय करा. दुमचीच्या पट्ट्यात सैलावा ठेवा आणि शेपटीखालचा भाग रोज धुऊन पुसा. तिथली कातडी फार नाजूक.

जावळी-महाबळेश्वरच्या पावसात कातड्यावर पांढरी बुरशी धरते. ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाऱ्यावर वाळवा, मग थोडंसं तेल. चुलीजवळ वाळवलेलं कातडं तडकतं आणि त्या भेगा घोड्याला कापतात. खोबरेल चोपडून ठेवायची सवय असेल तर हात आखडता घ्या; जास्त तेलानं पट्टे लिबलिबीत होतात, भोकं ताणतात.

दर तीन महिन्यांनी पुठ्ठे पाठीवर पुन्हा लावून बघा. श्रावणानंतर हिरव्या चाऱ्यावर घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो, आणि पाच-सहा वर्षांच्या आतलं जनावर तर अजून वाढतच असतं. पुठ्ठा आणि पाठ यांत बोट शिरू लागलं की नवा आकार घ्या, त्यावर तारीख घाला, जुना टाकू नका. दोन्ही एकावर एक ठेवले की पाठ कुठे भरली आणि कुठे झिजली ते दिसतं, आणि गादी भरून देणाऱ्यालाही तेच दाखवायचं असतं.